सायबिणीसमोर मी जे बोलले

वाडीत मला सगळे टीचर म्हणतात. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी टीचरच. देवबागच्या अलीकडे, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर आमची ख्रिस्ती माणसांची चौदा घरं आहेत आणि एक छोटं चॅपल. त्यातल्या टोकाच्या घरात मी एकटी राहते. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची वाडीत कोणाची टाप नाही. भाऊ वसईला, त्याची मुलं कॅनडात. आई होती तोवर घरात आवाज होता, दिवसभर माझ्याशी भांडायची. ती गेली आणि भांडायलाही कोणी उरलं नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. रडायचा मला भारी कंटाळा. पण पुढे जे घडलं त्यात माझ्या एकटेपणाचा हात आहे, तो लपवला तर मग हे सगळं लिहून उपयोग काय?

रविवारी मिस्सा, म्हणजे चॅपलमधली उपासना, संपली की मी चॅपलच्या व्हरांड्यात मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. दहा-बारा मुलं. दोन चटईवर लोळणारी, एक सतत नाक ओढणारा, आणि एक मुलगी, पंधरा वर्षांची, दहावीतली. ही माझी लाडकी. लाडकी म्हणजे काय, तिला मी सगळ्यात जास्त ओरडायचे. चॅपलमध्ये शास्त्रपाठ वाचायला तिच्याइतका स्वच्छ आवाज कोणाचा नव्हता. बाप कुवेतला, आवस, म्हणजे आई, तारकर्लीच्या एका हॉटेलात स्वयंपाकाला. सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. वर्ग सुटला की मुलगी चटया गुंडाळून द्यायला मागे थांबायची. घरी जाऊन करायचं काय, असं तिचं आणि माझं दोघींचं होतं.

सप्टेंबर संपत आला होता. त्या रविवारी चटया गुंडाळून झाल्या तरी ती जाईना. चपलेने वाळू उकरत उभी राहिली.

"काय झाला गो? तोंड कित्याक पडला?" मी विचारलं.

"टीचर, तुमी कोणाक सांगू नकात हां."

"सांग आधी."

"नाय. आधी तुमी सांगा, कोणाक सांगूचा नाय म्हणान."

मी म्हटलं, नाही सांगणार. म्हटलं आणि डाव्या हाताने गळ्यातला क्रूससुद्धा धरला.

मग ती बोलली. मोबाईलवर एक मुलगा ओळखीचा झाला होता, पंधरा वर्षांचा आहे म्हणाला. शहरातल्या कुठल्याशा चर्चच्या गायनमंडळात गिटार वाजवतो म्हणाला, आजी आमच्याच भागातली म्हणाला. आमच्या चॅपलचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मुंबईला, गल्फला गेलेल्या लोकांना सणासुदीचे फोटो दिसावेत म्हणून काढलेला. ग्रुपची लिंक कोणीही कुठेही पाठवायची, कोणीही आत यायचं. तो तिथूनच आला होता. हिने ईस्टरच्या दिवशी शास्त्रपाठ वाचला, त्याचा फोटो आम्ही तिच्या पूर्ण नावानिशी टाकला होता. फोटो मीच टाकला होता. नावही मीच लिहिलं होतं, कौतुकाने.

"किती छान वाचलंस, तो म्हणालो. मगे रोज इचारी, जेवलंस?"

"आणि?"

"आणि काय? आमच्या घराक माका कोण इचारता, जेवलंस काय म्हणान?"

माझ्याही घरात तेच होतं.

तीन महिने तो तिला जेवलंस विचारत राहिला. मग त्याने एक फोटो मागितला. तिने पाठवला. कसला, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिच्या मानेवर चढलेली लाली पाहून कळायचं ते कळलं. आता तो आणखी मागत होता. नाही दिलेस तर वाडीच्या फेस्ताच्या, म्हणजे चॅपलच्या वार्षिक सणाच्या, दिवशी हा फोटो चॅपलच्या ग्रुपवरच्या एकेकाला धाडीन, म्हणत होता. फेस्त ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. महिना होता हातात.

आणि मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "अगो, पण फोटो धाडलंस कित्याक?" छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि तोंडातून आधी ‘का पाठवलास’ निघालं! तिचा चेहरा असा मिटला की मी घाईघाईने तिला जवळ घेतलं. तुझी चूक नाही, मी आहे ना, बघूया आपण, सगळं म्हटलं. बघूया म्हटलं खरं, पण बघायचं काय आणि कुठे, मला कशाचाच पत्ता नव्हता. चार दिवस मी नुसती तळमळत होते. आमटीत दोनदा मीठ घातलं.

आमच्याकडे ऑक्टोबरात सायबीण घरोघर जाते. सायबीण म्हणजे मारीयामाता. काच लावलेल्या लाकडी पेटीतली मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात न्यायची, वाटेवर मेणबत्त्या धरून गाणी म्हणायची. पोहोचलो की त्या घरात जपमाळेची प्रार्थना. तिला आम्ही तेर्स म्हणतो. तेर्स झाली की उकडलेले चणे वाटायचे आणि गप्पा. मूर्ती चोवीस तास त्या घरची पाहुणी. तेर्स सांगायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि प्रत्येक भागाआधी सांगणारी मागणं मांडते. हा भाग आजाऱ्यांसाठी, हा समुद्रात गेलेल्यांसाठी, हा परदेशातल्यांसाठी. घरवाल्यांनी चिठ्ठी दिली तर त्यांचं मागणं. एखाद्या घरातलं काहीही आमच्याकडे असंच बाहेर येतं. कोणाच्या गर्भाशयाचं ऑपरेशन, कोणाच्या जावयाची दारू, सगळं सायबिणीसमोर प्रार्थना म्हणून येतं, आणि प्रार्थना म्हणून आलं की ती चुगली आहे असं कोणालाच वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

त्या गुरुवारी सायबीण त्या मुलीच्या शेजारच्या घरात होती. चौदा घरांतली माणसं पडवीत दाटीवाटीने बसलेली. मुलगी आणि तिची आवस दाराजवळ. चार भाग झाले. पाचव्या भागाआधी मी थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले:

"हो भाग आपल्या वाडीतल्या एका चेडवासाठी. मोबाईलवरल्या एका वायट माणसाच्या फाशात ता गावलाहा. सायबिणी, तेका सोडय."

नाव घेतलं नाही, नुसतं चेडू, म्हणजे मुलगी, म्हटलं, म्हणून मला वाटत होतं मी शब्द पाळला. देवाची शपथ, तेव्हा खरंच तसं वाटत होतं. चौदा घरांच्या वाडीत मोबाईल हातात असलेल्या त्या वयाच्या मुली तीन. एक त्या आठवड्यात टायफॉईडने मालवणच्या दवाखान्यात. दुसरी माझ्या शेजारीच बसून जांभई देत होती. मी डोळे उघडले तेव्हा सगळी पडवी दाराकडे बघत होती.

आणि खरी गोष्ट आता सांगते. ती मी पाप कबूल करतानाही फादरना आधी सांगितली नव्हती. मी बोलले तेव्हा पडवीत सगळे गप्प झाले होते. चणे द्रोणांत भरणारी बाईसुद्धा थांबली. सगळे माझ्याकडे वळले होते, पुढे काय सांगते म्हणून. आई गेल्यापासून माझं बोलणं इतक्या लोकांनी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. अर्धा मिनिट असेल, पण छाती भरून बरं वाटलं. त्या पोरीचं गुपित माझ्याकडे होतं, आणि त्यामुळे मी कोणीतरी होते.

तेर्स संपायच्या आत त्या दोघी मायलेकी उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवस माझ्या अंगणात आली. हॉटेलात गेली नव्हती. आत ये म्हटलं तर आली नाही. "टीचर, चेडू तुमच्याकडे इश्वासान धाडलेला," ती म्हणाली. "माका तुमी बाजूक घेवन सांगलात असता तर? मी तेची आवस मा?" तिने आवाजसुद्धा चढवला नाही. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी उलट चार घातल्या असत्या आणि रडून मोकळी झाले असते. ती तशीच फाटक लावून गेली.

मुलगी शाळेत जाईना. खिडकी बंद. वाडीतल्या बायका विहिरीवर एकमेकींना सांगत होत्या, आणि तेवढं सांगून झालं की म्हणत होत्या, "प्रार्थना करूया गो तिच्यासाठी." माझाच धडा! माझ्याकडूनच शिकल्या होत्या.

तिला वाचवलं ते दुसऱ्याच बाईने. आमच्या वाडीत एक विधवा बाई होमस्टे चालवते. चार खोल्या, पाहुण्यांना मासे-भात. मला ती कधी आवडली नाही. मिस्सेला हमखास उशिरा येते, मागे उभी राहते, तेर्सला तर क्वचितच. बोलते तीन शब्द. गुरुवारी ती नव्हती. शनिवारी तिला कळलं तशी ती हातातलं मासे कापायचं सोडून त्या मुलीच्या घरी गेली. आवस तेव्हा मोबाईल दगडावर फोडायला निघाली होती.

"फोन फोडू नको गो," ही म्हणाली. "त्याच्यो सगळ्यो धमक्यो त्यातच आसत. पोलिसांका काय दाखवतलंस, दगड?"

तिला हे कसं माहीत? तिच्या होमस्टेच्या नावाने कोणीतरी खोटी बुकिंग घेऊन पाहुण्यांना फसवलं होतं, तेव्हा ती ओरोसला जिल्ह्याच्या पोलिसांच्या सायबर शाखेत चकरा मारून आली होती. त्याला उत्तर द्यायचं नाही, तो मागेल ते काही द्यायचं नाही, एक अक्षर पुसायचं नाही, हे ती तिथे शिकली होती. सोमवारी ती दोघींना घेऊन ओरोसला गेली. एसटीत मुलगी दोघींच्या मध्ये बसली होती, असं नंतर ऐकलं. तिथल्या महिला पोलिसाने मुलीला आधी चहा पाजला आणि मग विचारलं. माझ्यासारखं "धाडलंस कित्याक" म्हणाली नाही.

मी फादरांकडे गेले. कबुलीच्या खुर्चीत नाही, सरळ त्यांच्या ऑफिसात, आणि त्या अर्ध्या मिनिटाचंसुद्धा सगळं सांगितलं. आमचे फादर तरुण आहेत, बाहेरचे, शुद्ध मराठी बोलतात. ते म्हणाले, "टीचर, चूक तुमची एकटीची नाही. तो माणूस आपल्या ग्रुपमधून आत आला. दार आपण उघडं टाकलं होतं." त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपची लिंक बंद केली, अनोळखी नंबर एकेक करून काढले, मुलींची नावं घातलेले फोटो मला पुसायला बसवलं. दोनशेच्या वर निघाले. प्रत्येकाखाली माझंच कौतुक होतं: आमची गुणी मुलगी, अमक्याची लेक, अमुक शाळा, अमुक इयत्ता. चोराला घराचा नकाशा काढून द्यावा तसं मी सगळं लिहून ठेवलं होतं. पुसताना बोटं दुखली, बरं झालं.

तरी फोटो त्याच्याकडे होताच. पोलिस शोधत होते, पण फेस्त काही थांबणार नव्हतं. तेव्हा होमस्टेवाली माझ्या दारात आली. पहिल्यांदाच. पायरीवरसुद्धा बसली नाही.

"सायबीण अजून नऊ घरा फिरूची आसा," ती म्हणाली. "तोंड तू उघडलंस, आता बंद पण तूच कर."

"म्हणजे काय करू?"

"घराघरात सांग. फोटो इलो तर उघडूचो नाय, फुडे धाडूचो नाय. नंबर लिवन घेवचो नि पुसून टाकूचो, पुरावो चेडवाच्या मोबाईलात आसाच. आणि त्याच्यार बोलूचा नाय, कायमचा. सायबिणीसमोर शब्द घी."

"त्या चेडवाक चलात?"

"इचारलंय. म्हणता, सगळ्यांका म्हायती आसाच, आता निदान ह्या तरी सांगा."

नऊ संध्याकाळी. नऊ घरांत तेर्स झाल्यावर मी उभी राहायचे आणि म्हणायचे, मला विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर फोडलं, चुकले. तुम्ही तसं करू नका. मग घरातली माणसं एकेक पुढे येऊन काचेच्या पेटीवर हात ठेवायची. म्हातारी माणसं, बोटींवर जाणारे पुरुष, कॉलेजातली पोरं मान खाली घालून. एका घरातला म्हातारा म्हणाला, "माका मोबाईल येयत नाय गो, पण हात ठेवतंय." त्या घरात मला रडू आलं, आणि मी ते आलं तसं येऊ दिलं. ज्या पाच घरांतून मूर्ती आधीच जाऊन आली होती तिथे मी दिवसा एकटी गेले. तिथे पेटी नव्हती, पण माणसांनी शब्द दिला.

फेस्ताच्या सकाळी मिस्सेला निघताना माझा मोबाईल वाजला. माझ्या मोबाईलवर फोन येतो तो भावाचा, आणि तोही नाताळात. अनोळखी नंबर. न उघडलेला फोटो, धूसर चौकोन आणि त्यावर गोल. बोट लावलं की उघडला असता. मी चष्मा काढून ठेवला, म्हणजे चुकूनही दिसायला नको. मग पुन्हा लावून फक्त नंबर लिहून घेतला आणि पुसून टाकलं. सहा घरांत आला होता, असं मागाहून कळलं. कोणी उघडला की नाही, हे देवाला ठाऊक. एवढं मात्र मी पाहिलं की त्या मिस्सेला मुलगी आली, आवस आणि होमस्टेवाली यांच्यामध्ये बसली, आणि एकही मान तिच्याकडे वळली नाही. पेटीवर हात ठेवलेल्या माणसांनी शब्द पाळला होता.

तो माणूस पकडला गेला का, मला माहीत नाही. कुठल्या तरी दूरच्या शहरातला निघाला, पंधरा वर्षांचा तर नव्हताच, एवढं ऐकलं. मी खोलात शिरले नाही. शिरायचा हक्क उरला नव्हता.

फादरांनी पुढे एक पद्धत घातली. मिस्सेनंतर चॅपलच्या मागच्या खोलीत एक बाई बसेल. कोणत्याही मुलीने यावं, मोबाईलचं असो, शाळेचं असो, सांगावं. ऐकणारीने ओरडायचं नाही, आणि मुलीला विचारल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. मारहाणीचं, जिवावरचं काही असेल तर मात्र गप्प बसायचं नाही, पण तेही आधी त्या मुलीला सांगून. हे शेवटचं होमस्टेवालीने घालायला लावलं. मी म्हटलं, फादर, मी बसते. रविवार माझे मोकळेच असतात. फादर अवघडले. "टीचर, सध्या नको," म्हणाले. खोलीत बसायला लागली ती होमस्टेवाली. मिस्सेला उशिरा येणारी!

मला राग आला नाही असं कसं म्हणू? घरी येऊन मी भांडी आपटली. मग बसून राहिले. बरोबरच होतं त्यांचं.

मुलगी दहावी झाली, मालवणला कॉलेजात जाऊ लागली. माझ्या वर्गाला ती परत आली नाही. रस्त्यात दिसली की "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणते आणि चालायला लागते. मी तिला कधी थांबवलं नाही. चटया मी स्वतःच गुंडाळते. जेवलंस काय, हे एकदा विचारायचं फार मनात येतं, पण ते शब्द त्या माणसाने असे वापरून टाकलेत की माझ्या तोंडातून तिला ते चालतील की नाही, कळत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी व्हरांडा झाडत होते. मुलं गेली होती. तीच मुलगी आली, सोबत वाडीतलीच एक बारा-तेरा वर्षांची. तिला मी ओळखते, माझ्याच वर्गातली आहे. रडून डोळे सुजलेले, मोबाईल छातीशी धरलेला. माझ्या वर्गात समोर बसते, आणि मला पत्ता नाही.

दोघी माझ्यासमोरून मागच्या खोलीकडे गेल्या. होमस्टेवाली आत होती. मग मोठी परत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. दोन वर्षांत इतक्या जवळ आली नव्हती.

"टीचर, त्या दाराक कडी नाय. तुमी जरा भायर उभ्या रवशात? कोणाक आत सोडू नकात."

"रवतंय," मी म्हणाले.

मी दार ओढून घेतलं आणि पाठ करून उभी राहिले. आतून रडणं येत होतं, मग बोलणं. शब्द ऐकू येतील एवढं दार पातळ आहे. मी चार पावलं पुढे जाऊन उन्हात उभी राहिले, तिथून दार दिसतं पण काही ऐकू येत नाही. ऊन कडक होतं. अर्धा-पाऊण तास झाला असेल. तेवढ्यात त्या लहान मुलीची काकी फाटकातून आली, आणि लांबूनच विचारलं, "टीचर, आमचा चेडू हय इला काय? आत कोण आसा?"

सगळं माझ्या जिभेवर होतं. तिची काकीच ती, प्रेमाने विचारत होती.

"आत कोण नाय," मी म्हटलं. "माका झाडूक दी. जा तू घराक."